आधी खसरा शोधा, मग पेपर लिहा

ज्या परिषदेतून एकही पेपर परत येत नाही, तिथे एकही पेपर वाचला जात नाही. हे वाक्य ग्वाल्हेरच्या प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावावं, असं मी गंभीरपणे म्हणतो. कॉन्फरन्सचं पत्रक येतं. पोरं आठवड्याभरात सहा पानं जुळवतात. दोन-तीन दिवसांत 'स्वीकृत' असा निरोप येतो आणि त्याच निरोपात नोंदणी फी भरायचा खाते क्रमांक असतो. फी भरली की प्रमाणपत्र, प्रमाणपत्रासोबत फोटो. पेपर कुणी उघडून पाहिला याचा पुरावा मात्र कुठेच नसतो. परीक्षकाची एक ओळ नाही, एक प्रश्न नाही, एक चूक दाखवलेली नाही.

फीचे पैसे गेले तर घरचे सोसतात. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला वाटतं, आपलं लिखाण कुणा जाणकाराने वाचलं आणि पसंत केलं. ते खोटं असतं. या फसवणुकीचा मला राग येतो.

हा आजार ग्वाल्हेरचा एकट्याचा नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो संगणकशास्त्राच्या पेपरसारखा दिसणारा निरर्थक मजकूर तयार करायचा. त्यातला एक पेपर फ्लोरिडातल्या एका परिषदेने स्वीकारला, आणि तोही परीक्षण न झालेला पेपर म्हणून. म्हणजे न वाचताच होकार दिला. पुढे ग्रेनोबलच्या सिरिल लाबे या संशोधकाने शोध घेतला, तेव्हा याच प्रोग्रामने लिहिलेले शंभराहून जास्त पेपर आयईईई आणि स्प्रिंगर या नामांकित प्रकाशनांच्या परिषद-ग्रंथांत सापडले. २०१४ मध्ये ते मागे घ्यावे लागले. मोठं नाव छापलेलं असलं म्हणून आतला मजकूर वाचला गेला असेल, या भ्रमात कुणी राहू नये.

आपल्याकडची गोष्ट आणखी बोचरी आहे. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणं आणि दोन परिषदांत पेपर वाचणं सक्तीचं होतं. सक्ती आली की तिच्यावर पोट भरणारे जागे होतात. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हिशेब मांडला. विद्यापीठांनी यूजीसीच्या यादीसाठी शिफारस केलेल्या ज्या १००९ नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांतली जेमतेम ११२ निकषांना उतरली. ही शिफारस करणारे प्राध्यापक होते, विभागप्रमुख होते, कुलगुरूंच्या समित्या होत्या. त्यानंतर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात 'यूजीसी-केअर' या नव्या यादीचं काम सुरू झालं. २०२२ मध्ये छापण्याची सक्ती उठली. २०२५ मध्ये यादीही बंद झाली. आता चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे ठरवायची जबाबदारी थेट संस्थांवर आहे. 'यादीत होतं म्हणून पाठवलं' ही ढाल आता कुणाकडेच उरलेली नाही.

आणि हे सगळं इन्फर्मेशन आर्किटेक्चर या विषयातही व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. या विषयाचं काम एका वाक्यात सांगता येतं: ज्याला जे हवं ते त्याला सापडलं पाहिजे. माहितीचे गट कसे पाडायचे, त्यांना नावं काय द्यायची, एका गोष्टीपर्यंत किती वाटांनी पोचता यावं, याचा हा अभ्यास. रिचर्ड सॉल वर्मन या वास्तुरचनाकाराने १९७६ मध्ये अमेरिकी वास्तुविशारदांच्या अधिवेशनात माहितीच्या रचनेचा विषय मांडला. १९९८ मध्ये रोझेनफेल्ड आणि मॉर्व्हिल यांचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावरच्या ध्रुवीय अस्वलामुळे ते जगभर ओळखलं जातं. २००० मध्ये बॉस्टनला या विषयाची पहिली मोठी परिषद भरली. आपली मुलं पेपरची सुरुवात इथून करतात. इथून करायला हरकत नाही. पण त्याच्या कितीतरी आधी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून शियाली रामामृत रंगनाथन यांनी हाच प्रश्न सोडवायला घेतला होता, हे ती लिहीत नाहीत.

रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये ते ग्रंथपाल झाले, १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण. एका पुस्तकाला एकच कप्पा, हा हट्ट त्यांनी सोडला. पुस्तक कशाबद्दल आहे, त्याचा कोणता गुण, कोणती क्रिया, कुठे आणि केव्हा, असे वेगवेगळे पैलू सुटे करून ते पुन्हा जोडायची सोय केली. आज दुकानाच्या ॲपवर तुम्ही साडी शोधताना रंग, किंमत, कापड अशा गाळण्या लावता, त्यामागे हाच विचार आहे. पाश्चात्त्य अभ्यासक रंगनाथनांचं ऋण मान्य करतात. आपल्या पेपरांच्या संदर्भयादीत ते नसतील तर परीक्षकाने पेपर परत पाठवावा, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

आता ग्वाल्हेर.

या शहरात १९९७ पासून माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची. २०१७ मध्ये तिथे माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाची आयईईई परिषद भरली होती. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवलं जातं. म्हणजे माहितीचं यंत्र आणि माहितीचं शास्त्र, दोन्ही एकाच गावात. आणि अभ्यासाला विषय? तो किल्ल्यावरच कोरलेला आहे. चतुर्भुज मंदिरातला इसवी सन ८७६ चा शिलालेख शून्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला. पर्यटक येतात, २७० मधलं शून्य पाहतात, फोटो काढून निघून जातात. पण तो लेख मुळात काय आहे? ती जमिनीची नोंद आहे. मंदिराच्या फुलबागेसाठी दिलेली जागा, लांबी २७० हस्त, रुंदी १८७ हस्त, आणि देवाला रोज ५० माळा. कोणाला, किती, कशासाठी: नोंदीला जे लागतं ते सगळं त्या दगडात आहे, आणि साडेअकराशे वर्षांनी आपल्याला ते वाचता येतं.

मग मराठे आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ दिला. तो तळ म्हणजेच आजचं लष्कर. फौजेबरोबर कारकून आले, मोडी आली, कागदांचे रुमाल आले आणि दफ्तर ठेवायची पेशवाईत मुरलेली शिस्त आली. पेशव्यांच्या पुण्यातल्या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. चालतं दफ्तर फडणिसाच्या हाताखाली, रोजच्या कामाचं. एकबेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांचे हिशेब येऊन पडत आणि तिथे त्यांचे तर्जुमे होत, म्हणजे जमा, खर्च, शिल्लक थोडक्यात दिसेल असे गोषवारे. चालू कागद कुठे, संपलेले कागद कुठे, आणि संपलेल्यांतून चटकन उत्तर कसं काढायचं, याचा विचार अठराव्या शतकातल्या कारकुनांनी केला होता. हा आमच्या घरातला इन्फर्मेशन आर्किटेक्चरचा इतिहास आहे. यावर पेपर लिहिताना परदेशी पुस्तकाचा आधार घ्या, पण सुरुवात इथून करा.

शिंद्यांच्या काळातले काही कागद छापलेही गेले. आनंदराव भाऊ फाळके यांनी १९२९ पासून 'शिंदेशाही इतिहासाची साधने' काढली. १९३७ मध्ये गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले महादजी शिंद्यांविषयीचे कागद ग्वाल्हेरच्या आलिजाह दरबार छापखान्यातून बाहेर पडले. आता मला सांगा, एखाद्या अभ्यासकाला या छापील साधनांत भिंड-मुरैनाकडच्या एका गावाचा उल्लेख शोधायचा असेल तर त्याने काय करायचं? आणि एकच घराणं मराठी कागदात शिंदे, हिंदीत सिंधिया, इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगांनी येतं. एका नावाने शोधलं तर बाकीचे कागद हाती लागत नाहीत. ग्रंथालयशास्त्रात याला जुना उपाय आहे: प्रमाण नावांची सूची करायची आणि बाकी सगळी रूपं तिला जोडायची. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मोडीतली रूपं जोडणारी सूची करणं हे एका मुलाच्या एम.टेक.ला पुरून उरेल एवढं काम आहे.

पण माझा जीव खरा अडकला आहे तो जमिनीच्या कागदात.

१९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला मोठी कार्यालयं आली: राजस्व मंडळ, महालेखाकार, भू-अभिलेख आयुक्त. साऱ्या मध्य प्रदेशच्या शेताच्या नोंदींचा कारभार या गावाशी जोडला गेला. मध्य प्रदेशात शेताच्या तुकड्यानुसार नोंद असते ती खसरा, खातेदारानुसार असते ती खतौनी, तिथे बी-१ म्हणतात ती. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे लगेच कळेल: सातबारा सर्व्हे किंवा गट क्रमांकाने उघडतो, आठ-अ खातेदाराच्या नावाने. एकच जमीन, तिच्याकडे जायच्या दोन वाटा. रंगनाथनांचे पैलू पटवाऱ्याच्या बस्त्यात आधीपासून आहेत!

अडचण कुठे आहे ते पाहा. कचेरीची उतरंड अशी: जिल्हा, तहसील, राजस्व निरीक्षक मंडळ, पटवारी हलका, गाव. शेतकऱ्याच्या डोक्यातली अशी: गाव, आजोबांचं नाव, नाल्यापलीकडचं वावर. नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी धडपडणाऱ्या बाईला गाव ठाऊक असतं, सासऱ्याचं नाव ठाऊक असतं. खसरा क्रमांक तिला ठाऊक असेलच असं नाही, आणि तुकडे पडून क्रमांक बदलला असेल तर तिला कोण सांगणार? सगळं संगणकावर आलं तरी तिच्या हातात नोंद पडत नाही, कारण यंत्रणा कचेरीच्या उतरंडीवर बांधलेली असते. मग ती ऑनलाइन दुकानात पैसे देऊन दुसऱ्याकडून शोधून घेते. तिची अडचण हा इन्फर्मेशन आर्किटेक्चरचा सर्वांत कडक प्रश्न आहे आणि तो ग्वाल्हेरमध्ये बसून सोडवता येतो.

पेपर कसा लिहायचा, तेही सांगतो, कारण नुसतं रागावून मुलांचं भलं होत नाही. भू-अभिलेखातल्या नोंदींची नावं कार्डांवर लिहा. एका कार्डावर एक. ती वीस-तीस खातेदारांपुढे ठेवा आणि सांगा, तुम्हाला जे एकत्र वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. मग त्या गठ्ठ्यांवरून मथळ्यांची उतरंड करा, रंग-चित्रं सगळं काढून टाका आणि दुसऱ्या लोकांना एक काम द्या: या गावातल्या अमुक खातेदाराची नोंद शोधा. किती जणांना सापडली, कितीजण कुठल्या वळणावर चुकले, कुणी अर्ध्यात सोडलं, ते मांडा. तीच परीक्षा सध्याच्या मांडणीवर घ्या. दोन आकडे शेजारी ठेवा. नवी मांडणी हरली तर तेही लिहा. हरलेली मांडणी प्रामाणिकपणे सांगणारा पेपर मी जिंकल्याचा दावा करणाऱ्या दहा पेपरांपेक्षा आधी वाचेन. आणि माणसं कोण निवडली ते लपवू नका. होस्टेलच्या मित्रांवर चाचणी घेऊन 'ग्रामीण वापरकर्ते' असं लिहिलं तर ती चोरी आहे. ज्याला इंग्रजी वाचता येतं आणि ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्यावर केलेल्या प्रयोगाने मुरैन्याच्या खातेदाराबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

मग तो पेपर अशा ठिकाणी पाठवा जिथे तो परत येऊ शकतो.

खरी पीअर रिव्ह्यूची परिषद ओळखायला अवघड नाही. कार्यक्रम समितीत कोण आहेत ते नावानिशी लिहिलेलं असतं आणि त्यांचं त्याच विषयातलं काम सापडतं. परीक्षक किमान दोन-तीन असतात, ते लेखी कारणं देतात. पाठवायची मुदत आणि निकाल यांच्यात महिना-दोन महिने असतात, कारण वाचायला वेळ लागतो. परीक्षण दुहेरी अनाम असेल तर लेखकाचं नाव परीक्षकाला कळू नये, म्हणून मजकुरात 'आमच्या ग्वाल्हेरच्या संस्थेत' असं लिहिलं तरी पेपर बाद होऊ शकतो. हे बारकावे कुणी शिकवत नाही. गाइडने शिकवायला हवेत.

गाइडबद्दलही बोलतोच. ज्याने एक ओळ तपासली नाही त्याचं नाव लेखकांच्या यादीत का? विद्यार्थी घाबरून देतो, आणि घेणारा घेतो. संगणकशास्त्रात परिषदेचा पेपर जर्नलइतकाच मानाचा धरला जातो, तिथे उमेदवारी संपायच्या आधीच मुलगा हे शिकतो की नाव कष्टाने मिळत नाही, खुर्चीने मिळतं. हा धडा तो आयुष्यभर विसरत नाही आणि पुढे स्वतः खुर्चीवर बसला की तसंच वागतो.

आणि परीक्षकहो, 'चांगला विषय, स्वीकारावा' ही तीन शब्दांची ओळ परीक्षण होत नाही. नकार देत असाल तर का, ते लिहा. कोणतं आधीचं काम वाचायला हवं होतं, कोणता आकडा पटत नाही, कोणता निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा आहे, ते सांगा. परक्या माणसाने पैसे न घेता आपलं लिखाण मन लावून वाचलं आणि कुठे चुकलं ते सांगितलं, यासारखं शिक्षण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दुसरं नाही. नकाराचं ते पत्र मुलाने छातीशी धरून घरी न्यावं, त्याची एक-एक हरकत खोडून किंवा मान्य करून पेपर पुन्हा लिहावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावा.

कुणी म्हणेल, खसरा-खतौनीवरचा पेपर आंतरराष्ट्रीय परिषदेत कोण घेणार? तिथे स्थानिक विषय चालत नाहीत. साफ चूक. रंगनाथनांसमोर मद्रास विद्यापीठाची पुस्तकं होती, तिथले वाचक होते, तिथली गर्दी होती. त्या स्थानिक अडचणीतून जे निघालं ते जगाने घेतलं. परीक्षकाला स्थानिक विषयाचा कंटाळा येत नाही, त्याला उथळ विषयाचा येतो. कुठल्याशा परदेशी दुकानाच्या मेनूवर जगभरातून पेपर येत राहतात. जमिनीच्या नोंदीत नाव शोधणाऱ्या बाईवर काळजीपूर्वक केलेलं काम आलं, तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसेल.

तेव्हा ग्वाल्हेरच्या आयोजकांकडे माझं मागणं आहे. पुढच्या परिषदेच्या पत्रकात तीन गोष्टी छापा: गेल्या वेळी किती पेपर आले, किती नाकारले, आणि परीक्षक कोण होते. पेपर परत पाठवताना परीक्षकांचे शेरे सोबत जोडा. एक सत्र भू-अभिलेख आणि मोडी कागदांसाठी राखून ठेवा आणि त्या सत्रात पटवारी, ग्रंथपाल आणि दोन-चार खातेदार यांना श्रोते म्हणून नाही, प्रश्न विचारणारे म्हणून बोलवा. त्यांच्या प्रश्नांना जो पेपर उत्तर देऊ शकेल, त्यालाच पहिलं बक्षीस द्या.